आडनावाची अटकळ

५ फेब्रुवारी

चि. शंकासूर,

आशीर्वाद दिले असं समज आणि आता कान पकड. तुझा नवा पेपर पाहिला. चांगला आहे. तिसऱ्या विभागात तर मला क्षणभर तुझा हेवा वाटला, आणि मला हेवा सहजासहजी वाटत नाही. पण वर नाव काय छापलंयस? नुसतं आडनाव, आद्याक्षराचा पत्ता नाही. परवा ग्रंथालयाच्या जिन्यात एका सद्गृहस्थांनी मला गाठलं आणि "या वयातही काय पेपर लिहिलात" म्हणून तोंडभर कौतुक केलं. मी म्हटलं, तो माझ्या भाचीचा. "असं होय," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी लग्न केलं नाही म्हणून आडनाव राहिलं, तू करूनही बदललं नाहीस. त्यामुळे या विषयात आपण आत्या-भाची एकाच पाटीखाली दुकान मांडून बसलोय. उद्या माझी अटकळ तुझ्या नावावर जमा व्हायची. इथून पुढे आद्याक्षर टाकत जा. माझं श्रेय मी जिवंतपणी वाटणार नाही.

आता कामाचं. माझ्या पंच्याहत्तरीनिमित्त विभागातली मंडळी ऑगस्टमध्ये तीन दिवसांचं चर्चासत्र भरवतायत. मी रीतीप्रमाणे नको नको म्हटलं आणि त्याच बैठकीत कुणाकुणाला बोलवायचं तेही सांगून टाकलं. शेवटच्या दिवसाचं शेवटचं व्याख्यान तुझं. सर्वसामान्यांसाठी एक पत्रक काढायचं आहे, त्यातला मजकूर खाली देते. तुझ्या बापाला समजला, म्हणजे कुणालाही समजेल.

"खुर्च्यांची एक न संपणारी रांग घ्या. काही खुर्च्यांत कण बसलेत, काही रिकाम्या आहेत. प्रत्येक कणाकडे स्वतःचं घड्याळ आहे आणि ते मनाला येईल तेव्हा वाजतं. वाजलं की कणानं पुढच्या खुर्चीत सरकायचं. ती भरलेली असेल तर गप्प बसायचं. आता मध्येच एक आळशी खुर्ची ठेवा, जिच्यातून उठायला किंचित जास्त वेळ लागतो. रांग एकच असेल तर एवढासा आळसही मागे दूरवर कोंडी करतो. पण शेजारी तशीच दुसरी रांग असेल आणि कणांना रांग बदलायची मुभा असेल, तर? थोडा आळस शेजारची रांग पोटात घालेल आणि दूरवर कुणाला कळणारही नाही. आळस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच कोंडी होईल. ही अटकळ तीस वर्षांपूर्वी मांडली गेली. ती अजून कुणालाही सिद्ध करता आलेली नाही."

मांडली गेली, म्हणजे मी मांडली. माझ्या नावावर प्रमेयंही आहेत, पण प्रमेयाचं कसं आहे, एकदा सिद्ध झालं की लोक ते वापरतात आणि बाईला विसरतात. अटकळ मात्र रोज कुणाच्या तरी डोक्याला ताप देते आणि तो ताप माझ्या नावानं येतो. मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

तुझा बाप म्हणत होता, तू हल्ली माझ्या दोन रांगांच्या मागे लागलीयस. खरं का? उत्तर पत्रानं दे. फोनवर मला सूत्रं ऐकू येत नाहीत.

आत्या


१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. कान पकडले. आद्याक्षर मासिकवाल्यांनी गाळलं, मी नाही, पण तू हे ऐकून घेणार नाहीस म्हणून दोष माझा.

व्याख्यानाला येते. शेवटचं दिलंस म्हणजे सगळे थकलेले असतील, तेवढाच मला आधार. दोन रांगांबद्दल बाबांनी सांगितलं ते खरं आहे. दोन वर्षं तेच करतेय. आणि आत्या, मला वाटतं प्रश्न सुटला. अजून तपासते आहे, त्यामुळे सविस्तर लिहीत नाही. व्याख्यानाचं नाव नुसतं "दोन रांगांचा प्रश्न" एवढंच ठेवशील का?

इथे माझ्या खोलीत लिहायचे दोन फळे आहेत, एकमेकांसमोर. एकावर सिद्धता लिहिते आणि दुसऱ्यावर तिच्यावर घेतलेल्या शंका. सध्या शंकांचा फळा रिकामा आहे, म्हणून झोप लागत नाही. तब्येत सांभाळ.

तुझी शंकासूर


२२ फेब्रुवारी

चि. शंकासूर,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग विभागात गेले आणि कुलूपबंद कपाटं सोडून सगळ्यांना सांगितलं. माझी अटकळ सिद्ध झाली आणि ती माझ्याच भाचीनं सिद्ध केली. मोठमोठ्या लोकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. त्यातल्या एकानं मला एकदा भर सभेत विचारलं होतं, "बाई, ही तुमची अटकळ आहे की इच्छा?" त्यालाही मुद्दाम आमंत्रण पाठवलंय.

नाव नुसतं "दोन रांगांचा प्रश्न" कसं ठेवू? विनय बरा, पण त्याला जागा असते. मी "दोन रांगांच्या अटकळीची सिद्धता" असं करून पत्रक छापायला दिलंसुद्धा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलंय. तू लहान होतीस तेव्हा मी तुला विचारायचे, सगळ्यात मोठी संख्या कुठली, आणि तू म्हणायचीस, तू आधी तुझी सांग. मी तेव्हाच तुझ्या बापाला म्हटलं होतं, ही आपल्या कामाची आहे.

सिद्धता पाठव. वाट बघते.

आत्या


२ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. हे पत्र वाचून झालं की तुमच्या चष्म्यांच्या कपाटात कुठेतरी खोल ठेवून द्या आणि विसरून जा.

मी फसलेय. मी आत्याला लिहिलं की प्रश्न सुटला. तो सुटलाय, पण उलट्या बाजूनं. आत्याची अटकळ चूक आहे. आळस कितीही थोडा असो, शेजारच्या रांगेनं कितीही सांभाळून घेतलं तरी कोंडी होतेच, फक्त फार दूर गेल्यावर दिसते. मर्यादा वगैरे काही नाही. आणि तिनं पत्रक छापून टाकलंय. तिच्या पंच्याहत्तरीच्या शेवटच्या दिवशी, तिच्या सगळ्या लोकांसमोर, तिची सगळ्यात लाडकी गोष्ट मी फळ्यावर पुसणार आहे.

तिला मीच सांगणार, पण थोडा वेळ द्या. तुम्ही तिला यातलं काही बोलू नका. तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून हात जोडून सांगते.

तुमची
मुलगी


८ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? सकाळची चुकवू नकोस. उन्हात जाऊ नकोस. तुझा नंबर बदलला असेल तर कळव, दोन दिवसांत चष्मा करून देतो. हल्ली नवीन हलकी फ्रेम आली आहे.

ताई, पोरगी खूप मेहनत करते. तिचं मन साफ आहे. जे काही असेल ते तुझ्यावरच्या प्रेमापोटीच असेल. माणसानं कुठलीही गोष्ट मनाला लावून घेऊ नये, विशेषतः पंच्याहत्तरीच्या आसपास. अटकळ ही शेवटी अटकळच असते, असं मला आपलं वाटतं. गणितातलं मला काही कळत नाही. मी कुणाचं काही ऐकलेलं नाही.

दुकानात तुम्हा दोघींची नावं एकाच पानावर असलेलं गणिताचं ते जाडं पुस्तक समोरच ठेवलं आहे. गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं की त्याच पानावरची ओळ वाचायला सांगतो.

तुझा
धाकटा


१३ मार्च

चि. शंकासूर,

तुझ्या बापाचं पत्र आलं. दोन पानांत गोळी, ऊन, फ्रेम आणि "मी कुणाचं काही ऐकलेलं नाही". इतकं ऐकलेलं पत्र मी आयुष्यात वाचलं नाही. तेव्हा मला सगळं समजलंय.

तुझी सिद्धता कोसळली. हो ना? त्यात लाजण्यासारखं काय आहे? माझी स्वतःची या प्रश्नावर कोसळलेली सिद्धता एका पेटाऱ्यात मावत नाही. मी तीस वर्षांत जे करू शकले नाही ते तुला दोन वर्षांत जमलं नाही म्हणून मी रुसणार आहे का? पत्रकाची काळजी सोड. "सिद्धतेच्या दिशेनं" असं म्हणता येईल. आपल्या विषयात निम्मी व्याख्यानं दिशेचीच असतात.

तू फक्त तोंड लपवू नकोस. मला तुझा अभिमान आहे, तो काही एका सिद्धतेवर टांगलेला नाही.

आत्या


२० मार्च

ती. आत्यास,

तुझं पत्र इतकं मायेचं होतं की आता अजून एक दिवसही गप्प बसणं मला शोभणार नाही.

सिद्धता कोसळलेली नाही. अटकळ कोसळली आहे.

सोबत चाळीस पानं पाठवतेय. मी सुरुवात तुझ्याच बाजूनं केली होती. दीड वर्ष मी मर्यादा शोधत होते, म्हणजे तुझ्या मते ज्याच्या अलीकडे आळस पचतो तो आकडा. प्रत्येक वेळी तो अजून खाली सरकायचा. एक दिवस मनात आलं की तो शून्यापर्यंतच खाली जात असेल तर? त्या दिवशी मी विभागातून पायी घरी आले. मला आनंद झाला होता, आत्या. हे तुला सांगायलाच हवं. तुझ्या आठवणीनं वाईट नंतर वाटलं, आधी आनंदच झाला.

शेजारची रांग आळस पोटात घालते, हे तुझं बरोबर आहे. पण तो पचवताना तीही थोडी दाटते. मग तिला तो भार परत द्यावा लागतो. रांग लांबत गेली की या देण्याघेण्यात उरलेलं साठत जातं.

व्याख्यान देऊ नकोस, असं तू सांगितलंस तर देणार नाही. पण हे खरं नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

तुझी
शंकासूर


२९ एप्रिल

प्रिय सहकारी,

आपली चाळीस पानं मिळाली. सविस्तर वाचली. उत्तराला उशीर झाला कारण अशा गोष्टी घाईत वाचायच्या नसतात.

पृष्ठ एक ते सोळा, ठीक. सतरावर एक चिन्ह चुकलं आहे, ते क्षुल्लक आहे. पृष्ठ तेवीस मात्र पाहावं.

तिथे आपण कणाला किती उशीर होतो हे मोजलं आहे. त्यासाठी आळशी खुर्चीशी जाऊन उभ्या राहिलात, तिथे जो कण सापडला तो धरलात आणि त्यालाच विचारलंत, "बाबा रे, तुला किती वेळ लागला?" दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांना किती वेळ थांबलात म्हणून विचारण्यातलाच हा प्रकार. जे पटकन सुटून घरी गेले ते तुम्हाला सांगायला बाकावर आहेतच कुठे? रखडलेलाच रखडलेल्या जागी जास्त भेटतो. त्यामुळे आपला उशीर फुगलेला आहे. फुगा काढला तर मागे काय उरतं, कोंडी उरते की माझी अटकळ उरते, ते या चाळीस पानांवरून सांगता येत नाही.

ही चूक आपल्या विषयातल्या माणसांखेरीज कुणी करणार नाही, आणि आपल्या विषयातल्या माणसांनी ती अजिबात करू नये. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो आपण ही.

तूर्तास माझी अटकळ उभी आहे. पत्रक आहे तसंच राहील.

आपली,
विषयातली एक ज्येष्ठ


५ मे

ती. आत्यास,

पृष्ठ तेवीसबद्दल तू म्हणतेस ते बरोबर आहे.

चूक दाखवल्याबद्दल आभार. "प्रिय सहकारी" मात्र लागलं.

भाची


१७ मे

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. मी आत्याकडे दोन दिवस राहून आलो. तू विचारलं नाहीस, पण सांगतो.

तिच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तुझी चाळीस पानं तिनं जमिनीवर ओळीनं मांडली आहेत आणि स्टूल घेऊन मध्ये बसते. मला म्हणाली, पाय टाकशील तर बघ, तू आता बाविसाव्या पानावर उभा आहेस. सबंध दिवस तोंडानं पुटपुटत असते. मला वाटलं, ती अजून चुका हुडकते आहे. मला राग आला. मी म्हटलं, ताई, जन्मभर कुणाला वर येऊ दिलं नाहीस, निदान पोरीला तरी येऊ दे.

तर म्हणाली, "गप रे. मी चुका नाही शोधत. त्या तेविसाव्या पानावरून पलीकडे जायला वाट आहे का, ते बघतेय." मी विचारलं, आहे का? म्हणाली, "आहे असं वाटतं, पण सांगणार नाही. मी सांगितली तर ती माझी होईल."

मला याचा अर्थ कळला नाही. तुला कळेल असं वाटून जसंच्या तसं लिहिलं. तिनं नंबर तपासून घेतला. वाढला आहे.

तुझे
बाबा


९ जून

ती. आत्यास,

बाबांचं पत्र आलं तेव्हा मी गाशा गुंडाळायच्या बेतात होते. शंकांच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच ओळ होती, "बाकावर बसलेल्यांना विचारू नकोस". ती तुझ्याच आवाजात ऐकू यायची आणि मी दुसरीकडे तोंड करून बसायचे. बाबांनी लिहिलं, तुला वाट सापडली आहे पण सांगणार नाहीस. मग मला इतका राग आला की मी परत उभी राहिले. तुला दिसलेली वाट मला दिसू नये?

खुर्चीशी उभं राहायचंच नाही. कण खूप मागे, आळशी खुर्चीचं नावही त्याला ठाऊक नसताना धरायचा. चिठ्ठी टाकून धरायचा, रखडलाय म्हणून नाही. आणि मग त्याचा हात न सोडता चालायचं. तो पुढे गेला, अडला, शेजारच्या रांगेत गेला, परत आला, सगळं सोबतीनं. असं केलं की फुगा जातो. उशीर पुष्कळच कमी होतो. मी हिशेब करताना श्वास धरून होते, कारण तो शून्य झाला असता तर तू जिंकली होतीस.

शून्य होत नाही. फार बारीक उरतो, पण उरतो, आणि आळस कितीही कमी केला तरी उरतो. म्हणूनच तुला तो दिसला नाही. तीस वर्षांपूर्वी तू संगणकावर ज्या रांगा चालवल्यास त्या फार आखूड होत्या. माझ्या रांगांतही मला तो नुसता बघून दिसला नसता. तू तेव्हा जे पाहिलंस त्यावरून मीही तीच अटकळ केली असती, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला तुझ्या अटकळीचा अभिमान वाटतो. इतकी वर्षं टिकेल अशी चुकीची गोष्ट सांगायला नजर लागते.

नवी बासष्ट पानं सोबत. पृष्ठ तेवीस आता अठ्ठावीस झालं आहे. आणि एक विचारायचं आहे. बाकाची गोष्ट तू दाखवली नसतीस तर मी चुकीच्या सिद्धतेनं खरं बोलले असते. पेपरवर दोघींची नावं घालूया का? वर्णक्रमानं तुझं आधी येईल.

तुझी शंकासूर


२१ जून

चि. शंकासूर,

अठ्ठाविसावं पान मी सकाळी वाचलं, दुपारी वाचलं आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. कुठे भोक नाही. मी शोधलेली वाट वेगळी होती, तुझ्याहून लांबची. तुझी चांगली आहे. हे लिहायला मला बरेच कागद लागले, पण आता लिहून झालं.

माझी अटकळ चूक आहे.

मला वाईट वाटलं का, हे तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. वाटलं. तुझी पहिली चाळीस पानं आली तेव्हा मी ती आठवडाभर उघडलीच नाहीत. आणि तेविसाव्या पानावर भोक सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. "प्रिय सहकारी" त्याच भरात लिहिलं. ते तुला लागावं म्हणूनच लिहिलं होतं. पण नंतर लक्षात आलं की मी आयुष्यात हे दोन शब्द ज्यांना लिहिले ते सगळे खरोखरच बरोबरीचे होते. तुझ्या बाबतीतही ते मागे घ्यायचं कारण दिसत नाही.

दोघींच्या नावाचं म्हणशील तर नाही. एकच आडनाव दोनदा छापलेलं बघून लोक म्हणतील, छापखान्याची चूक. आणि वाटणी आधीच झालेली आहे. अटकळ मी केली, तू खोडलीस. यात दोघींनाही पोटभर काम होतं. बाकासाठी तळटीपेत आभार मान, तेवढे पुरेत.

पत्रकं छापून आलेलीच आहेत. तुझ्या बापाला बोलावून घेतलं आहे. आम्ही दोघं टेबलाशी बसून "सिद्धता" या शब्दावर कागदाच्या पट्ट्या चिकटवतोय. नवीन मजकूर "खंडन" असा आहे, आणि पट्टीखाली तुझं नाव झाकलं जातं म्हणून तेही मीच पुन्हा लिहितेय. चिकटवताना तो प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघतो. मी शेवटी म्हटलं, बघतोस काय, सरळ चिकटव. त्याच्या पट्ट्या वाकड्या येतात. एवढ्या बारीक भिंगांचं काम करणारा माणूस, आणि डिंक मात्र कोपरापर्यंत.

व्याख्यानाला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. शेवटी एक प्रश्न विचारणार आहे. अवघड आहे. तयारी करून ये.

आत्या


११ ऑगस्ट

चि. शंकासूर,

तू व्याख्यान संपवून गाडी गाठायला पळालीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही.

माझ्या प्रश्नाला तू उत्तर दिलंस ते मला पटलं, हे तू बघितलंसच. तू फळा पुसलास आणि "हा प्रश्न मला पृष्ठ अठ्ठावीसवर पडला होता" म्हणून सुरुवात केलीस. तेव्हाच मी पेनला टोपण लावलं. तीन दिवस लोक माझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी ते सगळं मनापासून ऐकून घेतलं. पण माझा ऊर भरून आला तो तू फळा पुसलास तेव्हा. तुझा बाप मागच्या रांगेत होता. त्याला एक अक्षर कळलं नाही आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यानं वाजवल्या. शेजारच्या माणसाला सांगत होता म्हणे, पुसणारी आमची आणि जिचं पुसलं तीही आमचीच.

सभा संपल्यावर ते गृहस्थ आले. तेच, "अटकळ की इच्छा" विचारणारे. त्यांची गाडी उशिरा पोचली होती आणि त्यांना तुझं व्याख्यान मिळालं नाही. हातात पत्रक होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "स्वतःची अटकळ या वयात स्वतःच खोडून काढायची, याला फार मोठी छाती लागते. मी तुमच्यापुढे नमतो."

मी पत्रक घेऊन बघितलं. पट्टीवर जागा पुरेना म्हणून मी तुझं नुसतं आडनाव लिहिलं होतं. आद्याक्षर मीच गाळलं होतं.

मी त्यांना सांगितलं, माझ्या भाचीनं खोडली. ते म्हणाले, "असं होय," पण जिन्यातल्या त्या सद्गृहस्थांसारखे निघून गेले नाहीत. ते तुझ्या बासष्ट पानांची प्रत मागत होते. दिली.

पण एक गोष्ट फक्त तुला सांगते. त्यांनी हात धरला आणि मी तोंड उघडलं, या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ गेला. त्या वेळात दोन्ही गोष्टी माझ्या होत्या, अटकळही आणि खंडनही. फार गोड वाटलं. त्यांना दुरुस्त करायला मला जड गेलं.

तेव्हा पेपर छापायला जाईल तेव्हा आद्याक्षर टाक. मासिकवाले गाळायला लागले तर भांड त्यांच्याशी. जमलं तर पूर्ण नाव टाक. पुढच्या वेळी कुणी असा हात धरला, तर मी खरं सांगेनच याची मी हमी देत नाही.

आत्या